शुक्रवारची गोळी बुडते: तरंगत्या मत्स्यखाद्याचं परत परत येणारं दुखणं

"दादा, तुमचं खाद्य तळाला बसतंय बघा."

इंदापूरकडच्या एका शेततळेवाल्यांचा हा फोन पहिल्यांदा आला तेव्हा मी त्यांना सरळ सांगून टाकलं, खाद्य टाकताना पंखा बंद ठेवा. पंखा म्हणजे तळ्याच्या पाण्यात हवा मिसळणारं पॅडल व्हील. ते फिरत असताना त्याच्या तोंडाशी खाद्य टाकलं तर चांगली गोळीसुद्धा पाण्याखाली ओढली जाते, हे खोटं नाही. त्यांनी पंखा बंद करून पाहिला. पाच गोण्या नीट गेल्या. सहावीतली गोळी परत बुडाली. पुढच्या महिन्यात तोच फोन भिगवणहून आला, मग दौंडहून.

आमचं युनिट सोलापूर रस्त्याला, उरुळी कांचनच्या पुढे. एक सिंगल स्क्रू एक्सट्रूडर (पीठ स्क्रूने दाबून, तापवून डायमधून, म्हणजे भोकं पाडलेल्या चकतीतून, बाहेर काढणारं मशीन), त्याला वाफेचा कंडिशनर (त्याआधी पीठ वाफेने भिजवून तापवणारा), छोटा बॉयलर, पट्ट्याचा ड्रायर आणि तेल लावायचा ड्रम. ताशी तीनशे किलो माल. मुख्यतः ४ मिमीची गोळी, चिलापी आणि पंगस माशांसाठी. हे दुखणं आम्ही वर्षभर अंगावर काढलं. दर वेळी कारण सापडायचं, इलाज व्हायचा, गोळी तरंगायची आणि महिन्याभरात परत फोन. तुमच्याकडेही असं होत असेल तर आमच्या चुका उपयोगी पडतील म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी जे इलाज केले

पहिला संशय मक्यावर. मार्केट यार्डातून येणाऱ्या मक्याची गाडी बदलली होती, म्हणून स्टार्च कमी पडला असणार असं धरून मैदा पाच टक्क्यांनी वाढवला. पंधरा दिवस तक्रार नाही. मग परत फोन.

दुसरा संशय स्क्रूवर. स्क्रूची धार आणि बॅरलचा आतला भाग झिजला की मधली फट वाढते, माल पुढे जायच्या ऐवजी फटीतून मागे सरकतो, डायमागचा दाब कमी होतो आणि गोळी फुगत नाही. हे अगदी शंभर नंबरी कारण आहे, आणि आमचा स्क्रू झिजलाही होता. भोसरीहून वेल्डिंगने भरून, घासून आणला. तीन आठवडे सुख. मग परत फोन.

तिसऱ्यांदा तेलावर खापर फोडलं. राइस पॉलिशमध्ये, म्हणजे तांदूळ घासताना निघणाऱ्या पिठात, तेल जास्त येतं, म्हणून डीऑइल्ड (तेल काढलेला) कोंडा घेतला. पुन्हा तेच.

आता मागे वळून पाहताना कळतं की यातला एकही इलाज त्या दुखण्यावर नव्हता. तो लागू पडल्यासारखा वाटायचा, कारण माल आमच्याकडून निघून गिऱ्हाइकाच्या तळ्यात पडेपर्यंत दोन-तीन आठवडे जायचे. वाईट गोण्या चांगल्या गोण्यांमध्ये मिसळून पाच ठिकाणी गेलेल्या असायच्या. तक्रार आली की आम्ही काहीतरी करायचो, पुढची तक्रार तशीही तीन आठवड्यांनीच येणार असायची, आणि तेवढे दिवस आम्ही स्वतःची पाठ थोपटून घ्यायचो. मैद्याचा खर्च मात्र कायमचा वाढला.

गोणीची चिठ्ठी

शेवटी इंदापूरकरांनाच म्हटलं, ज्या गोणीतली गोळी बुडते तिच्या शिलाईतल्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. इतरांकडूनही मागवले. सात फोटो जमले. चिठ्ठीवर आम्ही मार्करने तारीख लिहितो, त्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करत गेलो. सातही शुक्रवार.

पुण्याकडच्या लोकांना पुढचं सांगायला नको. आमच्याकडे आठवड्याची सुट्टी गुरुवारची, दुरुस्तीसाठी लाइट जाते तीही बहुतेक गुरुवारीच. शुक्रवार सकाळपासून बुधवार रात्रीपर्यंत युनिट पाळ्यांमध्ये सलग चालतं. म्हणजे आठवड्यातून एकदाच सगळं थंड पडतं आणि एकदाच थंडगार अवस्थेतून उठतं. मका, मैदा, स्क्रू सगळे दिवस तेच. बदलतं ते फक्त हे.

पुढच्या शुक्रवारी पहाटे साडेपाचला मी स्वतः जाऊन उभा राहिलो. ऑपरेटरला सगळे मामा म्हणतात, वीस वर्षांचा हात आहे त्यांचा. "शेठ, आज इकडं कुठं?" म्हणाले. म्हटलं, चहा प्यायला आलो. बोहरी आळीतून आणलेलं दूधवाल्याचं स्टीलचं एक लिटरचं माप आणि किराणा दुकानातला काटा घेऊन डायसमोर बसलो. दर दहा-पंधरा मिनिटांनी ड्रायरमधून बाहेर पडलेली, गार झालेली गोळी मापात भरायची, पट्टीने सपाट करायची, वजन करायचं आणि खडूने भिंतीवर लिहायचं.

पहिलं माप ५९० ग्रॅम. मग ५६०. मग ५३०, तिथंच बराच वेळ रेंगाळलं. मग ४७०, ४२०, आणि साधारण दीड तासाने ४०० वर स्थिरावलं. गोण्या भरणं मात्र दुसऱ्या मापापासूनच सुरू होतं. दीड तासाचा माल म्हणजे साडेचारशे किलो, वीस किलोच्या बावीस-तेवीस गोण्या. दर शुक्रवारी.

लिटरचं वजन म्हणजे काय, आणि बादली का फसवते

तुम्ही विचाराल, इतके दिवस कोणी तपासलं नाही का? तपासायचो की. बादलीत मूठभर गोळी टाकायची, वर राहिली की पास. ५३० ग्रॅमची गोळीसुद्धा त्या परीक्षेत पास व्हायची. गफलत तिथेच होती.

एक लिटरच्या मापात गोळ्या भरल्या तर सगळी जागा गोळ्यांनी भरत नाही. गोळ्यांच्या मधे हवा असते, साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे लिटरचं वजन ४०० ग्रॅम असेल तर खरी गोळी, तिच्या पोटातल्या पोकळ्या धरून, लिटरमागे सातशे ग्रॅमच्या आतबाहेर. पाणी हजार ग्रॅम. भरपूर फरक आहे, गोळी आरामात तरंगते. तेच माप ५३० झालं की एकेक गोळी नऊशेच्या घरात जाते. पाण्यात पडल्या क्षणी ती तरंगतेच, पण अंगात थोडंसं पाणी मुरलं की हजार ओलांडते आणि खाली जाते. बादलीजवळ कोणी दहा मिनिटं उभं राहत नाही. तळ्यात मासा दहा-पंधरा मिनिटं खातो.

शिवाय ५३० ही सरासरी. त्या मापात काही गोळ्या हलक्या, काही जड, जड असतात त्या पहिल्याच मिनिटाला जातात. म्हणून गोड्या पाण्यासाठी लिटरचं वजन ४४० च्या आत ठेवा असं या धंद्यात सांगतात. हिशेबाने सहाशेपर्यंत तरंगायला पाहिजे असं वाटतं, पण गोळ्या-गोळ्यांतला फरक आणि पाणी मुरणं यासाठी ती ढील सोडलेली आहे. आम्ही आता ४३० ची रेघ धरतो. सहाशेच्या पुढे गेलेली गोळी तर दगडासारखी खाली जाते.

माप घेताना दोन ठिकाणी पाय घसरतो. माप थोपटू नका, आपटू नका. थोपटलं की गोळ्या दाटतात आणि वजन फुगतं. एकाच उंचीवरून, एकाच नरसाळ्यातून सोडा. दुसरं, डायवरची ओली गोळी आणि ड्रायरनंतरची गोळी यांचे आकडे एकमेकांशी ताडू नका. नऊ टक्के ओलाव्याची ४०० ग्रॅमची गोळी चोवीस टक्के ओलाव्याला, आकसणं सोडून दिलं तर, ४८० भरते. गोळी तीच आहे. नवा मुलगा एकदा डायवर ४८० बघून घाबरला आणि त्याने पाणी कमी करून मशीन जाम केलं होतं. तेल लावल्यावरही वजन चढतं, पाच टक्के तेल लावलं की ४०० चे ४२०. कुठल्या ठिकाणचा आकडा आहे हे खडूने शेजारी लिहा.

व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) असेल तर आणखी एक गोष्ट पाहता येते. आमच्या डायचं भोक ३ मिमीचं. चांगल्या दिवशी गोळी ४ मिमी भरते, म्हणजे आडव्या छेदाचं क्षेत्रफळ पावणेदोन पटीच्या वर. शुक्रवारची पहिली गोळी ३.४ मिमी, सव्वा पटीच्या थोडी वर. डोळ्याला हा फरक जाणवत नाही, आम्ही रोज बघत असूनही जाणवला नव्हता. ब्लेडने मधोमध कापून बॅटरीच्या उजेडात धरलं तेव्हा दिसला. चांगली गोळी आतून पावासारखी, बारीक बारीक, सारख्या आकाराची भोकं. शुक्रवारची गोळी आतून गूळपापडीसारखी दाट, मधेच एखादी मोठी पोकळी.

कुरडईचं गणित

गोळी फुगते म्हणजे काय होतं ते घरी उन्हाळ्यात कुरडई तळलेली ज्याने पाहिली त्याला वेगळं सांगायला नको. चीक शिजलेला असतो, त्यात थोडा ओलावा शिल्लक असतो, गरम तेलात तो ओलावा एकदम वाफ होतो आणि शिजलेला स्टार्च त्या वाफेला धरून फुलतो. कुरडई नीट वाळलेली नसेल तर ती तेलात बसते, चिवट राहते. हाडासारखी वाळलेलीही नीट फुलत नाही. एक्सट्रूडरमध्ये तेलाचं काम दाब आणि उष्णता करतात. बॅरलमध्ये माल १२० ते १५० अंशांपर्यंत तापतो, दाबाखाली असल्यामुळे आतलं पाणी उकळत नाही, आणि डायच्या भोकातून बाहेर पडताच दाब सुटतो, पाण्याची वाफ होते, गोळी फुलते.

म्हणजे पाणी हवंच. पण ते जास्त झालं की पीठ पातळ पडतं, स्क्रूला रोध होत नाही, घर्षण होत नाही, तापमान चढत नाही. फुललेलं पीठही मऊ राहतं आणि वाफ निघून गेल्यावर परत बसतं. शुक्रवारी नेमकं हेच होत होतं. प्रश्न एवढाच, की जास्तीचं पाणी येत कुठून होतं? पाण्याचा प्रवाह मोजणाऱ्या रोटामीटरवर तर आकडा बरोबर होता.

पाइपातलं पाणी

सहाला बॉयलरचा दाब आला, मामांनी वाफेचा व्हॉल्व्ह उघडला आणि लाइन आतून ठोकल्यासारखी वाजली. ठक, ठक, ठक-ठक. मी विचारलं, हे काय? मामा म्हणाले, "शुक्रवारी वाजतीच ती. जरा वेळानं गप बसती."

सगळं उत्तर त्या आवाजात होतं आणि वर्षभर सगळ्यांच्या कानांवर पडत होतं.

बॉयलरपासून कंडिशनरपर्यंत आमची लाइन सतरा-अठरा मीटर. तिच्यावरचं लॅगिंग, म्हणजे उष्णता धरून ठेवणारं वेष्टन, पावसाळ्यात भिजून निघालं होतं, ते परत घातलंच नव्हतं. गुरुवारभर थंड पडलेल्या त्या लोखंडात शुक्रवारी वाफ शिरली की तिचं तिथेच पाणी होतं. ते पाणी काढून टाकायला लाइनच्या शेवटी स्टीम ट्रॅप असतो. आमचा ट्रॅप उघडला तर आतली चकती गाळाने चिकटून बसलेली, पाणी बाहेर जायला वाटच नाही. मग ते सगळं वाफेबरोबर कंडिशनरमध्ये, थेट पिठात. रोटामीटर फक्त पाण्याची नळी मोजतो, वाफेतून आलेलं पाणी त्याला कुठून दिसणार? इतर दिवशी लाइन सतत गरम असल्यामुळे पाणी कमी साचायचं आणि बिघडलेला ट्रॅप झाकला जायचा.

यात दुहेरी मार आहे. कोरडी वाफ पिठाला एक टक्का ओलावा देते तेव्हा पीठ साधारण बारा-तेरा अंशांनी तापतं, कारण वाफेचं पाणी होताना ती आपली सगळी उष्णता पिठाला देऊन टाकते. तोच एक टक्का गरम पाण्याचा दिला तर पीठ कसंबसं एखाद-दुसऱ्या अंशाने तापतं. म्हणजे ओल्या वाफेने पीठ भिजतं जास्त आणि तापतं कमी. त्या दिवशी कंडिशनरमधून निघणारं पीठ मुठीत घेतलं तर कोमट होतं आणि बोटांना चिकटत होतं. ते ऐंशी-नव्वद अंशांचं हवं, हातात धरवू नये असं.

त्यावर मामांची स्वतःची सवय. थंड बॅरल जाम होऊ नये म्हणून ते सुरुवातीला पाण्याचा कॉक जरा जास्त उघडतात. ही सवय बरोबर आहे, सगळे तसंच करतात. पण लोड स्थिर झाला की कॉक हळूहळू परत आणायचा असतो, आणि नेमका त्याच वेळी चहा येतो. मी काही बोललो नाही. मामांनीच भिंतीवरचे आकडे पाहिले, कप खाली ठेवला आणि कॉक फिरवला.

आता काय करतो

ट्रॅप बदलला आणि त्याच्या आधी गाळणी बसवली. लॅगिंग परत घातलं. शुक्रवारी वाफ कंडिशनरला द्यायच्या आधी लाइनच्या शेवटचा ड्रेन व्हॉल्व्ह दहा मिनिटं पूर्ण उघडा ठेवतो. किती वेळ ठेवायचा ते घड्याळापेक्षा डोळ्यांनी ठरवा. ओली वाफ तोंडापासूनच पांढरी असते, फडफडते, थेंब उडवते. कोरडी वाफ नळीच्या तोंडाशी दिसतच नाही, थोडं अंतर सोडून पुढे पांढरी होते. ती मधली मोकळी जागा दिसली की कंडिशनर उघडायचा. चेहरा आणि हात लांब ठेवा, ती न दिसणारी वाफच जास्त भाजते.

सुरुवातीचा माल गोणीत जात नाही. त्यासाठी निळा ड्रम वेगळा ठेवलाय. लागोपाठ तीन मापं ४३० च्या आत आली की मगच पट्टा गोणीकडे वळवायचा. ड्रममधला माल वाळवून, दळून, पुढच्या घाण्यांमध्ये पाच टक्क्यांपर्यंत मिसळतो. एकदा शिजलेला स्टार्च दुसऱ्यांदा तसा फुलत नाही, म्हणून एकाच घाण्यात जास्त ढकलायचा मोह आवरा. आम्ही एकदा पंधरा टक्के घालून पाहिलं होतं, ती गोळी गुरुवार नसतानाही शुक्रवारची झाली.

बादलीची परीक्षा ठेवली, पण बदलली. शंभर गोळ्या मोजून टाकायच्या, मूठभर नाही. एक मिनिट, दहा मिनिटं आणि तीस मिनिटांनी वर किती राहिल्या ते लिहायचं. आमची रेघ, अर्ध्या तासाला पंच्याण्णव. मधेच एकदा बोटाने पाणी ढवळायचं, कारण काही गोळ्या बुडबुड्याला चिकटून उगाच वर राहतात.

तुमची तक्रार शुक्रवारची नसेल तर

आमचं कारण तुमचं असेलच असं नाही. पण चिठ्ठ्यांवरच्या तारखा गोळा केल्याशिवाय मशीनला हात लावू नका एवढं मी आग्रहाने सांगेन. तारखा एका वाराच्या, एका पाळीच्या, एका गाडीच्या मक्याच्या, कशाच्या तरी निघतात. चिठ्ठीवर वेळही लिहायला लागा, आम्ही आता लिहितो.

कुठल्याच दिवशी गोळी नीट फुगत नसेल आणि हळूहळू, महिन्यागणिक लिटरचं वजन चढत असेल, तर ते झिजेचं लक्षण. स्क्रू बाहेर काढून मोजा. मिश्रणात स्टार्च किती आहे तेही पाहा, तरंगत्या गोळीला साधारण वीस टक्के तरी लागतो. आणि तेल. पिठातच सात टक्क्यांच्या वर तेल गेलं की ते वंगणासारखं काम करतं, माल घासला न जाता घसरतो आणि फुगणं मार खातं. बारा टक्क्यांच्या वर तरंगायची आशा सोडा. जास्त तेल द्यायचंच असेल तर पिठात न घालता वाळलेल्या गोळीवर वरून लावा. वरून लावलेलं तेल पाणी मुरायलाही थोडा अटकाव करतं.

एकाच गोणीत निम्म्या गोळ्या तरंगतात, निम्म्या बुडतात, असं असेल तर दळणाकडे वळा. पिठातला सगळ्यात मोठा कण डायच्या भोकाच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा नको. ३ मिमीच्या डायला १ मिमीची जाळी चालते, पण त्याच पिठातून बोटुकलीसाठी (बोटाएवढ्या पिल्लांसाठी) १.५ मिमीच्या डायची गोळी काढायला गेलात तर भोकं अर्धवट बुजतात, एका भोकातून जोरात माल येतो, दुसऱ्यातून रडतखडत. कोंड्याचे जाड तुकडे फुगलेल्या गोळीच्या आतल्या पातळ भिंती फोडतात, मग वाफ आत थांबत नाही. पल्व्हरायझरची (दळायच्या मशीनची) जाळी फाटली का ते आधी बघा. आम्ही तीन दिवस सोयाबीन डीओसीला (तेल काढलेल्या पेंडीला) शिव्या दिल्या आणि निघालं जाळीला रुपयाएवढं भोक.

गोळी दिसायला छान, फुगलेली, वजनही बरोबर, तरी पाण्यात लवकर बुडते किंवा विरघळते, अशी तक्रार असेल तर तिची कातडी तपासा. कटरची पाती बोथट झाली की ती गोळी कापत नाहीत, फाडतात. एका बाजूला शेपूट राहते, तिथून पाणी आत शिरतं. ड्रायर सुरुवातीलाच फार गरम ठेवला तर कातडी आधी कडक होते आणि पोट ओलं राहतं. पुढे आतला ओलावा बाहेर यायला लागतो आणि कातडीला तडे जातात. हे ओळखायला मशीन लागत नाही. गार झालेली गोळी काचेच्या बरणीत पाऊण भरून झाकण घट्ट लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी झाकणाच्या आत दव दिसलं तर गोळी वाळलेली नाही, वरवर मीटर कितीही कमी ओलावा दाखवू दे. ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आणायला हवा. बारा-तेराच्या वर गेला की गोणीत बुरशी धरते, आणि बुरशी लागलेलं खाद्य माशाला घालायची गोष्टच नाही. गोळी गरम असताना गोणी शिवली तरी तेच होतं, आतल्या आत घाम सुटतो.

चुऱ्याची तक्रार वेगळी. प्लास्टिकच्या डब्यात अर्धा किलो चाळलेली गोळी आणि पाच-सहा नटबोल्ट घालून दहा मिनिटं सारख्या वेगाने फिरवा, मग परत चाळा आणि चुरा तोला. प्रयोगशाळेत यासाठी फिरती पेटी असते. आपल्याला नेमका आकडा नको, आजचा माल गेल्या आठवड्यापेक्षा बरा की वाईट एवढं कळलं तरी पुरे. हलकी गोळी करण्याच्या नादात साडेतीनशेच्याही खाली गेलात तर ती लाहीसारखी ठिसूळ होते आणि इंदापूरच्या रस्त्यात निम्मा चुरा होतो. तरंगणं आणि टिकणं एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, म्हणून चारशेच्या आसपास राहायचं.

तळ्यावरची कारणं

सगळाच दोष खाद्यवाल्याचा नसतो, हे लिहिलं तर माझी गिऱ्हाइकं हसतील, पण लिहितो. बरेच जण गोळीवर गुळाचं पाणी आणि प्रोबायोटिक शिंपडून तासभर मुरत ठेवतात. गोळी पाणी पिते, जड होते, तळ्यात पडल्या पडल्या खाली. औषध द्यायचंच असेल तर ते थोड्या तेलात कालवून गोळीला चोळा आणि सावलीत पसरून लगेच घाला.

थंडीत "थंड पाण्यात गोळी बुडते" असं हमखास ऐकू येतं. थंड पाणी उलट किंचित जड असतं, ३० अंशांचं पाणी लिटरला ९९६ ग्रॅम, २० अंशांचं ९९८. गोळीला बुडवायला हा फरक पुरत नाही, आणि असलाच तर तो तरंगण्याच्या बाजूचा. खरी गोष्ट अशी, की पाणी थंड झालं की चिलापी खाणं कमी करते. उन्हाळ्याच्या हिशेबाने टाकलेली गोळी खाल्ली जात नाही, तासभर पाण्यात पडून राहते आणि भिजून खाली जाते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर खाद्य घालू नका, ऊन पाण्यावर आल्यावर घाला आणि प्रमाण कमी करा. गोळी बुडण्याची तक्रार आपोआप थांबते.

आणि तळ्यात मृगळ जास्त असेल तर तरंगत्या गोळीचा हट्टच सोडा. तो मासा तळाशी खाणारा आहे, त्याच्यासाठी बुडणारं, स्वस्तातलं खाद्य बरं.

फोन करताना तीन गोष्टी हाताशी ठेवल्यात तर आमचंही काम सोपं होतं: चिठ्ठीचा फोटो, त्याच गोणीच्या वरची आणि तळाची मूठभर मूठभर गोळी वेगवेगळ्या पिशवीत, आणि तुमच्या तळ्याच्या पाण्यात शंभरातल्या किती गोळ्या दहा मिनिटांनी वर राहिल्या तो आकडा.

इंदापूरकरांचा फोन अजून येतो. गेल्या आठवड्यात आला होता. "दादा, आता तरंगतंय, पर वारं सुटलं की सगळं खाद्य एका कोपऱ्यात जाऊन प्लास्टिकच्या कागदाला चिकटतंय." त्यांना म्हटलं, दीड इंची पीव्हीसी पाइपची चौकट करा, टोकं बुचाने बंद करा म्हणजे ती वर राहील, चार दोऱ्यांनी बांधून मधोमध सोडा आणि खाद्य तिच्या आत टाका. चौकट वाऱ्याच्या तोंडाला थोडी सरकवून बांधा.